व्युत्पत्ती अनिश्चित

भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत जे शिपाई पडले त्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतील बावीस शिपाई महार होते. ते ओळखू येतात ते नावाच्या शेवटावरून. इंग्रजी अक्षरांत कोरलेली एस्नॅक, रायनॅक, गुननॅक ही नावे तोंडाने म्हणून पाहिली की बहुधा येसनाक, रायनाक, गुणनाक अशी ती ऐकू येतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी उभे राहिले. आज दर वर्षी लाखो माणसे तेथे जातात आणि ही नावे वाचतात.

या नावांतला 'नाक' आला कोठून? काही जण सांगतात, तो 'नाग' या शब्दाचा अपभ्रंश असून नागवंशाची खूण आहे. दुसरे सांगतात, तो 'नायक' या शब्दाचा घासलेला अवशेष आहे, म्हणजे ती अधिकाराची खूण आहे. दोन्ही मतांना आधार आहे, दोन्ही मतांत गाळलेल्या पायऱ्या आहेत. निर्णय लागलेला नाही. नामकोशकार अशा जागी एक शेरा मारून मोकळा होतो : व्युत्पत्ती अनिश्चित.

या शेऱ्याबद्दल मला येथे विचार करावयाचा आहे. वरवर पाहता तो निरुपद्रवी, किंबहुना प्रामाणिक वाटतो. जे माहीत नाही ते माहीत नाही असे म्हणणे हा विद्वत्तेचा धर्मच आहे. परंतु सर्व अनिश्चितता सारख्या नसतात. इंग्रजांचा आर्थर राजा घ्या. 'आर्थर' या नावाचे मूळ काही अभ्यासक रोमन घराण्याच्या 'आर्टोरियस' या नावात शोधतात, तर काही अस्वल या अर्थाच्या केल्टिक शब्दात. वाद मिटलेला नाही. पण त्यामुळे आर्थरचे काही बिघडले का? त्याच्या नावाने काव्ये झाली, राजपुत्रांना ते नाव दिले गेले. मूळ हरवले ते काळाच्या ओघात, आणि नाव मात्र सिंहासनावर बसून राहिले. याच्या उलट दुसऱ्या प्रकारची नावे आहेत. त्यांचे मूळ काळाने पुसलेले नाही. ती ज्याने लिहिली त्याला ते मूळ जाणून घेण्याची गरजच वाटली नाही. नाव धारण करणारा एक, ठेवणारा दुसरा आणि लिहिणारा तिसरा, अशी जेथे फाटाफूट होते तेथे 'व्युत्पत्ती अनिश्चित' हा शेरा भाषाशास्त्राचा राहत नाही. तो सामाजिक इतिहासाचा पुरावा ठरतो.

२

या दुसऱ्या प्रकारचे सर्वांत मोठे भांडार म्हणजे अटलांटिक महासागरापलीकडे नेलेल्या आफ्रिकी गुलामांची नावे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा त्या नावांकडे पाहणे म्हणजे परक्या घरात डोकावणे नव्हे.

गुलामांच्या जहाजांवरील हिशेबांत सामान्यतः नावे नसत, आकडे असत. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव येई आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग, वर्ण. गुलामाच्या नावासाठी रकानाच नव्हता. १८६० साली त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. हे सारे लोक आपापल्या नावाने शासनाच्या शिरगणतीत प्रथम आले ते १८७० साली, मुक्तीनंतर.

नावे आढळतात ती मालकाच्या मळ्यावरील वह्यांत, खरेदीखतांत, पळालेल्या गुलामांच्या जाहिरातींत. तेथे कफी, कजो, क्वाको, क्वाशी अशी नावे भेटतात. ही कशी बनली हे आज बऱ्यापैकी ठाऊक आहे. आजच्या घानामधील अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याला मिळते. सोमवारचा मुलगा कोजो, बुधवारचा क्वाकू, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. आपल्याकडे आदिवासी पाड्यांत आणि गावकुसाबाहेर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे अशीच पडली. एडवर्ड लाँग या मळेवाल्या लेखकाने १७७४ साली जमैकाचा इतिहास लिहिला. गुलामगिरीचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. पण ही वारांची नावे त्याच्या पुस्तकात मुलगे व मुली अशा क्रमाने नोंदलेली आहेत. ज्याला ही माणसे माणसे वाटत नव्हती त्याच्याच वहीतून आज त्यांची नावे शोधावी लागतात.

गुंता पुढे आहे. शुक्रवारच्या मुलीचे नाव 'फिबा'. इंग्रज कानाला ते आपल्या 'फीबी'सारखे लागले. 'क्वाको'चा 'जॅक' झाला, 'कजो'चा 'जो' झाला. आता एखाद्या मळ्याच्या वहीत 'जॅक' आणि 'फीबी' अशी नावे आढळली, तर ती मालकाने दिलेली इंग्रजी नावे समजावीत, की आईने ठेवलेल्या वाराच्या नावांना चढवलेला इंग्रजी पोशाख समजावा? त्या एका नोंदीवरून ठरवता येत नाही. आई मुलाला काय म्हणून हाक मारीत होती याची नोंद वहीत नाही.

३

याहून बोलके उदाहरण 'सॅम्बो' या नावाचे आहे. हे नाव आले कोठून? पश्चिम आफ्रिकेतील फुलानी आणि हौसा लोकांत 'सांबा', 'सांबो' हे दुसऱ्या मुलाला दिले जाणारे नाव आहे. स्पॅनिश भाषेत आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी रक्ताच्या मिश्र संततीला 'सांबो' म्हणत. काँगो प्रदेशातील भाषांतही उच्चाराने जवळचे शब्द दाखवले गेले आहेत. यांपैकी एकच खरे की दोन-तीन प्रवाह एका नावात मिसळले, यावर एकमत नाही. व्युत्पत्ती अनिश्चित.

पण त्या नावाचे पुढे काय झाले याबद्दल मात्र कसलीही अनिश्चितता नाही. १८५२ च्या 'अंकल टॉम्स केबिन'मध्ये सॅम्बो हा क्रूर मालकाच्या हुकमाने आपल्याच भाईबंदांना फटकावणारा गुलाम आहे. १८९९ साली हिंदुस्थानात राहणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी वाघांच्या गोष्टीतल्या काळ्या मुलाला तेच नाव दिले आणि ते पुस्तक घरोघर गेले. अमेरिकेत 'सॅम्बो' म्हणजे आळशी, हसरा, लाचार काळा माणूस असे सोंगच तयार झाले. 'क्वाशी'चेही तेच. रविवारी जन्मलेल्या मुलाचे हे साधे नाव. पण वेस्ट इंडीजमध्ये त्याचा अर्थ 'मूर्ख काळा' असा झाला. १८४९ साली टॉमस कार्लाइलसारख्या नामांकित लेखकाने मुक्त झालेल्या मजुरांची टवाळी करण्यासाठी हाच शब्द वापरला.

नावात मुळात अपमान नव्हता. नायजेरियात २०१० ते २०१५ या काळात उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या गृहस्थांचे नाव नमादी सांबो होते आणि तेथे त्यावर कोणी हसले नाही. ज्या शनिवारच्या नावाला मळ्यावर किंमत नव्हती ते क्वामे एन्क्रुमा यांच्या रूपाने १९५७ साली स्वतंत्र घानाच्या शिरोभागी आले. शुक्रवारचे नाव कोफी अन्नान यांच्याबरोबर १९९७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसपदावर बसले. अक्षरे तीच, वार तोच. बदलले ते हाक मारणाऱ्याचे आणि हाक ऐकणाऱ्याचे नाते.

हे नाते गुलामांनाही कळत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामीतून सुटलेल्या कोफी स्लोकम नावाच्या माणसाच्या मुलांनी बापाच्या मालकाचे 'स्लोकम' हे आडनाव टाकले आणि बापाचे आफ्रिकी नाव आडनाव म्हणून घेतले. त्यांतला पॉल कफी (१७५९-१८१७) पुढे जहाजांचा मालक झाला. मत देण्याचा अधिकार नसेल तर कर का द्यावा, असा अर्ज या भावांनी १७८० साली सरकारकडे केला होता. नाव परत घेणे आणि हक्क मागणे या एकाच घरातल्या दोन गोष्टी होत्या.

४

मुळाच्या अनिश्चिततेला किती किंमत मोजावी लागते याचे उदाहरण म्हणजे ओलाउडा इक्वियानो. १७८९ साली लंडनमध्ये त्याने आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. आफ्रिकेतील इग्बो प्रदेशातून आपल्याला लहानपणी पळवले, जहाजाच्या पोटात कोंबून समुद्रापार नेले, हे त्याने त्यात लिहिले. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीत या साक्षीचे मोल फार मोठे होते. त्याला एका जहाजावर मायकेल म्हटले गेले, व्हर्जिनियात जेकब म्हटले गेले आणि मग एका नाविक अधिकाऱ्याने स्वीडनच्या राजाचे 'गुस्टाव्हस व्हासा' हे नाव दिले. गुलामाला राजाचे नाव देणे ही मालकांची आवडती थट्टा होती. त्याने ते नाव नाकारले तेव्हा त्याला मार खावा लागला.

ओलाउडा या नावाचा अर्थ त्याने स्वतः पुस्तकात सांगितला आहे : दैवाचा फेरा, भाग्यवान, मोठ्या आवाजाचा आणि चांगले बोलणारा. इग्बो भाषेच्या अभ्यासकांनी त्या नावाची फोड एकापेक्षा अधिक प्रकारे केली आहे. या शतकाच्या उंबरठ्यावर व्हिन्सेंट कॅरेटा या संशोधकाने १७५९ सालची लंडनच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद पुढे आणली. तीत 'गुस्टाव्हस व्हासा, जन्म कॅरोलिना' असे आहे. जन्म अमेरिकेत! मग समुद्रप्रवासाची ती साक्ष ऐकीव मानायची का? वाद अजून चालू आहे.

मला येथे बाजू घ्यावयाची नाही. एवढेच विचारावयाचे आहे की नोंद म्हणजे काय? एक गुलाम मुलगा, त्याच्या मालकाच्या नात्यातील माणसे सोबतीला, आणि लिहिणारा चर्चचा अधिकारी. जन्मस्थान कोणी सांगितले, मुलाने की मोठ्यांनी? नोंद खोटी असेलच असे नाही. पण प्रौढपणी स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव आणि दुसऱ्याने वहीत भरलेले नाव यांत तंटा झाला की वहीला आपोआप अधिक वजन मिळते, ही सवय तपासून पाहिली पाहिजे. आपल्याकडे ज्यांनी शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखेसाठी आणि नावासाठी हेलपाटे घातले आहेत त्यांना हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

५

मग मूळ शोधायचेच नाही काय? शोधावे, पण कसे ते लोरेन्झो टर्नर यांच्याकडून शिकावे. हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या दशकात साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनारी बेटांवरील गुल्ला लोकांत फिरले. गोऱ्या विद्वानांनी त्या लोकांची भाषा म्हणजे मोडकी इंग्रजी असे आधीच ठरवून टाकले होते. टर्नर त्यांच्या ओट्यावर बसले आणि त्यांना कळले की प्रत्येकाला दोन नावे आहेत : एक बाहेरचे, इंग्रजी, शाळेत आणि गोऱ्यांसमोर सांगण्याचे, दुसरे घरातले, ज्याला ते 'टोपलीतले नाव' म्हणत. आपण म्हणतो ना पाळण्यातले नाव, तसेच. हे दुसरे नाव परक्याला सांगितले जात नसे. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या टर्नर यांच्या ग्रंथात अशी आफ्रिकी वळणाची हजारो नावे आहेत. विद्वानांना ती दिसली नव्हती, कारण त्यांना ती कोणी सांगितलीच नव्हती.

टर्नर यांच्यावर पुढे टीकाही झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. दोन अक्षरांचे नाव अनेक भाषांत आढळू शकते. केवळ उच्चार जुळला म्हणून मूळ सापडले असे होत नाही. ही सावधगिरी आपल्यालाही हवी. 'गुलामगिरी'त जोतीरावांनी 'महार' हा शब्द 'महाअरि', म्हणजे मोठा शत्रू, असा फोडला. ब्राह्मणी ग्रंथांनी शूद्रातिशूद्रांच्या नावांची जी विटंबना केली तिला दिलेले ते सणसणीत उत्तर होते. त्याचे सामर्थ्य उत्तरात आहे. ते भाषाशास्त्राचे प्रमेय म्हणून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिण्याचे कारण नाही. तसेच 'नाक'चे. कार्ल्याच्या लेण्यासमोरचा सिंहस्तंभ दान करणाऱ्या महारठ्याचे नाव शिलालेखात 'अगिमित्रणक' असे आहे. तो 'णक' पाहून मन हुरळते. पण त्या शिलालेखात आणि कोरेगावच्या स्तंभात सतराशे वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि मधल्या पायऱ्या सापडलेल्या नाहीत. आपला स्वाभिमान एखाद्या प्रत्ययाच्या आधारावर उभा केला, तर उद्या कोणी तो प्रत्यय काढून घेईल आणि आपण उघडे पडू.

६

आणि तरीही अनिश्चिततेची कोणती कथा समाज उचलतो हे पाहणे फार उद्बोधक असते. चोखामेळा हे नाव घ्या. 'चोखा' म्हणजे शुद्ध, अस्सल. मराठी माणसाला हा अर्थ सांगावा लागत नाही. पण परंपरेत एक वेगळीच कथा सांगतात. महार दांपत्य आंबे घेऊन चालले होते. वाटेत ब्राह्मणाच्या वेषात देव आला, त्याने एक आंबा मागितला, चोखला आणि परत दिला. त्या आंब्याचे मूल झाले, म्हणून ते चोखा. एका नावाला दोन वाटा होत्या. एक शुद्धतेकडे जात होती, दुसरी उष्ट्याकडे. ज्याला देवळाच्या पायरीवर थोपवून धरायचे होते त्याच्या नावालाही उष्ट्याचे मूळ चिकटवण्यात आले. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले असेही परंपरा सांगते. त्या लेखकाच्या सद्भावाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु लेखणी याही वेळी दुसऱ्याच्या हातात होती.

आपल्या आजोबा-पणजोबांची नावे अशीच तपासावीत. धोंड्या, दगड्या, कचऱ्या, केऱ्या, उकिरड्या. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आज्ञा आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे निंद्य. आपण चटकन म्हणतो, ही नावे मनूने ठेवली. पण दुसरी बाजूही आहे. ज्या घरात मुले जगत नव्हती तेथे दैवाची नजर चुकवावी म्हणून मुलाला हलके नाव ठेवण्याची चाल सर्व जातींत होती. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. म्हणजे अमुक एका धोंड्याचे नाव मनूच्या आज्ञेतून आले की पोर जगावे या आईच्या धडपडीतून, हे आज सांगता येत नाही.

जे सांगता येते ते वेगळेच आहे. धोंडा तोच, पण एका घरी त्याचा धोंडोपंत झाला, दुसऱ्या घरी धोंडिबा झाला आणि गावकुसाबाहेर तो मरेपर्यंत धोंड्या राहिला. जात मूळ शब्दात नव्हती, ती शेवटच्या 'या'मध्ये होती. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचे सात वर्षांचे पोर ज्या एकेरीने हाक मारी, तेथे होती. व्युत्पत्तिशास्त्र मूळ धातू शोधते आणि प्रत्यय गौण मानते. आपला इतिहास प्रत्ययात आहे.

७

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर वस्त्यांमधून नावांची नवी पिढी उभी राहिली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा. यांतल्या दोन नावांकडे पाहा. राहुल या नावाचे मूळ अनिश्चित आहे. पाली परंपरा सांगते की पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थाने त्यात बंधन पाहिले आणि त्यावरून ते नाव पडले. दुसरी परंपरा त्याचा संबंध ग्रहणाशी, राहूशी जोडते. मिलिंद हे मेनांडर या ग्रीक राजाच्या नावाचे पाली रूप. आणि संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले, तेव्हा भुंगा कोणाच्या मनात आला नाही. मनात आला तो नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा.

ज्या बापाने पोराचे नाव राहुल ठेवले त्याला बंधन अभिप्रेत नव्हते, ग्रहणही नव्हते. त्याने ते निवडले, एवढी गोष्ट निश्चित होती. नावाचे मूळ अंधारात असूनही ते नाव उजळ असू शकते, कारण ते ठेवणाऱ्याचा हात आपल्याला दिसतो. आणि मूळ लख्ख माहीत असलेले नावही माणसाला आयुष्यभर वाकवू शकते. तेव्हा नावाबद्दल पहिला प्रश्न 'याचा अर्थ काय' हा नसावा. हे कोणी ठेवले, कोणी लिहिले, आणि कोण कोणाला कोणत्या स्वरात हाक मारीत होते, हे प्रश्न आधी विचारावेत.

एमरी विद्यापीठातील संशोधकांनी आफ्रिकी नावांचा एक मोठा संग्रह केला आहे. १८०७ नंतर ब्रिटिश आरमाराने जी गुलामवाहू जहाजे पकडली, त्यांवरून सोडवलेल्या माणसांच्या नोंदी फ्रीटाउन आणि हवाना येथील न्यायालयांत झाल्या. तेथील कारकुनांनी कानावर पडेल तसे लिहिलेल्या सुमारे ९१ हजार माणसांच्या नोंदी त्यात आहेत. आज त्या त्या भाषा बोलणारे लोक ही नावे मोठ्याने म्हणतात, ऐकतात आणि हे आमच्याकडचे, असे सांगतात. कागदावर मुकी झालेली नावे तोंडी आली की कधी कधी घरी परततात.

हे काम आपल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना करण्याजोगे आहे. त्यासाठी विद्यापीठाचे अनुदान लागत नाही. आपल्या वस्तीतल्या सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे. तिच्या आजीचे नाव विचारावे, आजीला कोण काय म्हणून हाक मारी ते विचारावे, पाळण्यातले कोणते, कागदावरचे कोणते, आणि पाटलाच्या वाड्यावरचे कोणते, हे वेगवेगळे लिहावे. उच्चार जसा ऐकू येईल तसाच लिहावा. सुधारून, शुद्ध करून लिहू नये. अर्थ माहीत नसेल तर तोही शेरा मारावा. फक्त तो शेरा या वेळी आपल्या हाताने, विचारपूस केल्यानंतर मारलेला असेल.

येसनाक, रायनाक, गुणनाक यांचा 'नाक' नाग होता की नायक, हे कदाचित कधीच ठरणार नाही. दर वर्षी त्या स्तंभाखाली कोणीतरी बाप पोराला खांद्यावर घेऊन ती नावे वाचून दाखवतो. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजी लेखणीने ती एस्नॅक अशी लिहिली. तो येसनाक असे वाचतो.